शिंदळ माकुडी: कड्यावरचं झाड कुंडीत जगवताना

एसटीत रेंज गेली म्हणून भाग अर्धवट राहिला असेल, किंवा इअरफोन घरी विसरले असतील, तर हे वाचा. बोललो तसंच लिहिलंय. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत, सगळे नाही.

कॅक्टसवरचा भाग झाल्यावर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. दादा, ही सगळी सक्युलंट मेक्सिकोची नाहीतर आफ्रिकेचीच का? आपलं काही आहे की नाही? आहे ना! आणि असं आहे की त्यासाठी युरोपातले सक्युलंटवेडे लोक हिवाळ्यात हीटर लावून बसतात. त्याचं नाव शिंदळ माकुडी. काही जण माकडी म्हणतात. नाव ऐकून हसू नका. मी घरी हे नाव पहिल्यांदा घेतलं तेव्हा आजी म्हणाली, “तोंड सांभाळून बोल की रे.” शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. अलीकडच्या वर्गीकरणात तिला आधी बुसेरोशिया आणि मग सेरोपेजिया वंशात हलवलंय, पण झाडं पाळणारे अजून फ्रेरियाच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

दिसायला कशी? बोटाएवढ्या जाडीच्या, राखाडी-हिरव्या, गोल, गुळगुळीत फांद्या. आधी थोड्या उभ्या राहतात, मग वजनाने लोंबतात. पावसाळ्यात त्यांच्यावर जाडसर, लंबगोल पानं येतात. पावसाळा ओसरायच्या सुमारास फुलं येतात. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, गडद मरून रंगाची, त्यावर पिवळे ठिपके-पट्टे आणि कडेला बारीक केस. फुलाला जवळून वास घेऊ नका, घेतलाच तर तक्रार करू नका. तो वास आपल्यासाठी नाहीच, माश्यांसाठी आहे. माशी फुलावर बसते, तिच्या पायाला नाहीतर सोंडेला परागांची छोटी पिशवी अडकते, आणि ती पुढच्या फुलावर जाते. रुईचं फूल आठवा, तिथेही हीच पद्धत. दोघी एकाच कुळातल्या. फरक एवढाच की रुई तोडली की पांढरा चीक येतो, हिचा रस पाण्यासारखा असतो.

ही आपली म्हणजे नक्की कुठली? तर फक्त महाराष्ट्राची. जगात दुसरीकडे कुठेही ती जंगलात उगवत नाही. जुन्नरच्या परिसरात, शिवनेरीच्या कड्यांवर, पुरंदरच्या जोडीला असलेल्या वज्रगडावर, महाबळेश्वरच्या बाजूला, रंधा धबधब्याच्या परिसरात. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ निकोल डॅल्झेल याने १८६० च्या दशकात तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर याचं. गंमत बघा, याच फ्रेअरच्या काळात मुंबईच्या फोर्टची तटबंदी पाडली गेली. किल्ल्याच्या भिंती पाडणाऱ्याचं नाव किल्ल्यांच्या कड्यावर राहणाऱ्या झाडाला मिळालं.

१९८० च्या दशकात आययूसीएनने जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या १२ वनस्पतींची एक यादी काढली होती, त्यात आपल्या शिंदळ माकुडीचं नाव होतं. नंतर अभ्यासकांनी सह्याद्री पालथा घातला, आणखी काही ठिकाणी ती सापडली. त्यामुळे चित्र तेवढं भीषण राहिलेलं नाही, पण जिथे आहे तिथे थोडीच आहे, आणि एका ठिकाणापासून दुसरं ठिकाण लांब आहे. एखादा वणवा, एखादी दरड, एवढं पुरतं.

आता मुद्द्यावर येतो. मी बेंबळीत राहतो, धाराशिव जिल्हा. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, काम घरूनच, आणि मीटिंग नसेल तेव्हा गच्चीवर. आमच्याकडे शिंदळ माकुडी मुळातली नाही. आमच्याकडे तिची चुलत बहीण आहे, माकडशिंग. माळावर, दगडाच्या कपारीत, निवडुंगाच्या आडोशाला उगवणाऱ्या चौकोनी हिरव्या काड्या. आजीच्या पिढीने गुरं राखताना त्या तोंडात टाकून चघळल्यात. त्याच माकडशिंगाचा अर्क आज भूक मारायच्या आणि वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये घालून जगभर विकला जातो. आजीला सांगितलं तर म्हणाली, “भूक मारायला पैसे देतात व्हय?”

माझ्याकडची शिंदळ माकुडी पुण्यातल्या एका मित्राने दिलेल्या काडीची. काडी १० सेंटीमीटरची, त्याच्या कुंडीतल्या रोपाची. तीन वर्षं झाली. आमच्या उन्हात, आमच्या बोअरच्या जड पाण्यावर, आमच्या गच्चीवर ती फुलली आहे, म्हणजे तुमच्याकडेही फुलेल. पण त्यासाठी ती काय करते हे आधी समजून घ्यावं लागेल. हा भाग थोडा टेक्निकल आहे, पण मला स्वतःला सर्वांत जास्त तोच आवडतो.

झाडाला अन्न बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो पानांवरच्या बारीक छिद्रांतून, पर्णरंध्रांतून आत येतो. पण छिद्र उघडलं की त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. साधी झाडं दिवसा दार उघडतात, कारण प्रकाश दिवसा असतो. त्यांना पाणी भरपूर लागतं. कोरड्या प्रदेशातल्या बऱ्याच सक्युलंट वनस्पतींनी वेगळी युक्ती काढली. त्या रात्री, गारव्यात दार उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. दिवसा दार बंद, आणि साठवलेल्या मालावर काम सुरू. याला शास्त्रज्ञ कॅम म्हणतात. आपल्या भाषेत, ऑफ-पीकला डाउनलोड करून ठेवायचं आणि दिवसा ऑफलाइन बघायचं.

हे खरं आहे का ते तुम्ही घरी तपासू शकता. पानफुटी माहीतय ना? पानाच्या कडेला पिल्लं फुटतात ती. तिच्या पानाचा बारीक तुकडा पहाटे जिभेला लावा, आंबट लागेल. तोच प्रयोग दुपारनंतर करा, आंबटपणा गेलेला असेल. (गिळू नका, थुंका.) ही गोष्ट बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात राहून, पानफुटीचं पान चाखूनच लिहून ठेवली होती, १८१३ साली. तेव्हा कॅम हा शब्दही नव्हता. माणसाने फक्त सकाळ-संध्याकाळ पान चावलं आणि फरक लक्षात घेतला. असले प्रयोग मला फार आवडतात, ना लॅब ना फंडिंग.

शिंदळ माकुडी मात्र याच्याही पुढची. तिच्यात दोन्ही सिस्टिम आहेत. १९७७ मध्ये लांगे आणि झुबर या संशोधकांनी तिच्यावर काम करून दाखवलं की तिच्या फांद्या कॅम पद्धतीने, म्हणजे रात्री दार उघडून चालतात, आणि तिची पानं मात्र साध्या झाडांसारखी दिवसा. पाऊस आहे, पाणी आहे, तोवर पानं लावायची आणि भराभर वाढून घ्यायचं. पाणी संपलं की पानं टाकून द्यायची आणि नुसत्या फांद्यांवर, रात्रपाळीत जगायचं. फोनच्या भाषेत सांगायचं तर पावसाळ्यात परफॉर्मन्स मोड, उन्हाळ्यात बॅटरी सेव्हर. आणि मोड बदलायचं बटण म्हणजे पानं. तिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक सगळ्या वनस्पतींनी पानं जवळपास सोडूनच दिलीत, ही एक पानं सांभाळून आहे.

हे एवढं समजलं की निम्मी काळजी आपोआप कळते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हिची पानं पिवळी पडायला लागतात, गळतात. लोकांना वाटतं झाड चाललं. मग तांब्यावर तांबे पाणी. आणि झाड खरंच जातं. कारण पानं गळाली म्हणजे तिने खर्च बंद केलाय, मुळांना आता पाणी उचलायचं नाहीये. कुंडीत थांबलेलं पाणी मुळांना कुजवतं, आणि ती कूज फांदीत वर चढते. आधी बुडाशी काळपट, मऊ डाग, मग आठवड्यात अख्खी फांदी.

दुसरा गोंधळ ‘वाळवंटी’ या शब्दाचा. सक्युलंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतो. पण महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो! कुजण्याची एवढी भीती असलेलं झाड तिथे कसं राहतं? तर कड्यावर. उभ्या बेसाल्टवर पाणी येतं आणि जातं, थांबत नाही. कपारीत चिमूटभर माती, खाली दगड, सतत वारा. पाऊस थांबला की दोन दिवसांत ती जागा कोरडी. म्हणजे सह्याद्रीच्या मध्यावर, धो धो पावसात, हातभर रुंदीचं वाळवंट. म्हणून किती पाणी घातलं यापेक्षा घातलेलं पाणी किती वेळ थांबलं हे बघा.

त्यामुळे आमच्या मराठवाड्यातल्या लोकांसाठी पहिली गोष्ट: काळी माती विसरा. कापसाला, सोयाबीनला, तुरीला सोनं असेल, या झाडाला ती विष आहे. फुगते, पाणी धरून ठेवते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते. मी वापरतो ते मिश्रण असं: दोन वाटे मुरूम किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक वाटा जाड वाळू, एक वाटा चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. मुरूम चाळणीने चाळून भुकटी काढून टाकायची, नाहीतर ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. वाळू बांधकामाची चालते, धुऊन घ्या. नर्सरीतला महागडा प्युमिस आणि परलाइट लागत नाही. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की मुरूम फुकट मिळतो.

कुंडी मातीची, बुडाला भोक असलेली, आणि लहान. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. फांद्या लोंबणाऱ्या आहेत, म्हणून टांगलेली कुंडी उत्तम. टांगायचं आमच्याकडे आणखी एक कारण आहे, शेजारच्या शेळ्या. उस्मानाबादी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहिली की कुठवर पोहोचते हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. कड्यांवरच्या शिंदळ माकुडीला असलेल्या धोक्यांतही चराई आहेच. सरळ चढणीवर, सहज तोंड पोहोचेल अशा जागी ती फार उरत नाही.

ऊन सकाळचं हवं, चार-पाच तास. दुपारी सावली. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा स्लॅबवर ठेवलेली कुंडी म्हणजे तव्यावरची भाकरी. विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा, वर हिरवी शेडनेट बांधा. फांद्या लालसर-तपकिरी झाल्या तर ऊन जास्त होतंय. बारीक, लांब, फिकट होऊन खिडकीकडे पळायला लागल्या तर कमी. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पूर्वेची गॅलरी शोधा. टेबलावर मॉनिटरशेजारी ठेवायचं झाड हे नाही, तिथे फुलं येणार नाहीत.

पाणी जून ते ऑक्टोबर मोकळेपणाने, पण प्रत्येक वेळी कुंडी पूर्ण वाळल्यावर. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर थांबा. द्यायचं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं, रोज चमचाभर शिंपडण्यात अर्थ नाही. झड लागली की कुंडी पत्र्याखाली. पानं गळायला लागली की पाणी कमी करत न्या, आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा, संध्याकाळी, थोडंसं. अगदी बंदही करू नका. कड्यावर कपारीत थोडा ओलावा खोलवर कुठेतरी असतो, आपल्या चार इंची कुंडीत तो नसतो. फांद्यांवर सुरकुत्या पडल्या तर घाबरू नका, ती साठा वापरतेय. जूनच्या पहिल्या पावसानंतर टोकाला कोंब दिसतात. माझ्याकडे पहिल्या वर्षी फुलं नव्हती, दुसऱ्या वर्षी दोन आली, गेल्या वर्षी मोजणं सोडून दिलं.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो. पावसाचं पाणी एखाद्या टाकीत धरून ठेवता आलं तर तेच वापरा.

किडीत मुख्य शत्रू मिलीबग, आपण पिठ्या ढेकूण म्हणतो तो. फांदीच्या सांध्यात कापसासारखं पांढरं दिसलं की कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. मुळांवरही तो होतो, म्हणून वर्षातून एकदा झाड उपसून बघावं. पिवळा मावा कळ्यांवर बसतो, त्याला पाण्याची जोरदार पिचकारी पुरते. पण काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर जरा थांबा. ती बहुधा रुईवर वाढणाऱ्या, नारिंगी पंखांच्या त्या नेहमीच्या फुलपाखराची असते, त्याची अळी हिच्यावरही जगते. मी त्या अळ्या उचलून बांधावरच्या रुईवर सोडतो. तिथे त्यांचं पोट जास्त भरतं.

आणि कूज लागलीच, तर धीट व्हायचं. ब्लेड स्पिरिटने पुसून, काळा भाग दिसेनासा होईपर्यंत काप घ्यायचा. आतलं मांस स्वच्छ हिरवट-पांढरं दिसलं की थांबायचं. उरलेली फांदी म्हणजे नवीन रोप. कारण हे झाड काडीपासून फारच सहज येतं. आठ-दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्या, सावलीत चार-सात दिवस तसाच ठेवा, कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरू द्या. मग कोरड्या मिश्रणात बोटाच्या पेराएवढा खोचा किंवा आडवा ठेवा, चार दिवसांनी थोडं पाणी. महिनाभरात हलवून बघा, हलला नाही तर मुळं धरली. फेब्रुवारी ते जूनची सुरुवात हा त्यासाठी बरा काळ, भर पावसात नको.

आता एका गोष्टीवर मी जरा अडून बसणार आहे. एवढ्या सहज येणारं झाड दुर्मिळ कसं? इंग्लंड-जर्मनीतल्या काचघरांत ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या काड्यांवर वाढताहेत. पण काडी लावली म्हणजे नवीन झाड होत नाही, जुन्याचीच कॉपी होते. शंभर कुंड्या म्हणजे एकाच फाइलचे शंभर बॅकअप. त्यात नवं काही नाही. कड्यावरची प्रत्येक झुडपं बियांतून वेगवेगळी झालेली असतात. एखादी दुष्काळात टिकते, एखादी रोगात. तो फरक जगवणं म्हणजे संवर्धन, आणि ते माझ्या-तुमच्या गच्चीवर होत नाही. साताऱ्यात शिरवळजवळ शिंदेवाडीला नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्र आहे, तिथे या झाडाच्या रोपनिर्मितीवर आणि ते पुन्हा निसर्गात लावण्यावर काम झालंय. ते त्यांचं काम. आपण ट्रेकला जाऊन गडावर काड्या खोचून येऊ नये. कुठल्या गडाची काडी कुठे गेली याचा हिशोब बिघडला की अभ्यास करणाऱ्याची वर्षं वाया जातात. आणि आमच्या बालाघाटच्या डोंगरात तर अजिबातच नको, ती तिथली नाहीच.

मग कुंडीतल्या झाडाचा उपयोग काय? एकच, पण मोठा. कुंडीतल्या काड्या सहज मिळायला लागल्या तर कड्यावरून उपटून आणणाऱ्याला गिऱ्हाईक राहत नाही. फ्रेरिया इंडिका निर्यातीला बंदी असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे, आणि राखीव जंगलातून कुठलंही झाड उपटणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. तरी ऑनलाइन ‘डोंगरावरचं ओरिजिनल’ म्हणून कुणी ना कुणी विकत असतं. फोटो नीट बघा. फांद्यांवर जुने व्रण, दगडफूल चिकटलेलं, मुळं तुटलेली, एकसारख्या वयाच्या फांद्या नाहीत, तर ते झाड कुंडीत वाढलेलं नाही. विकणाऱ्याला विचारा, मातृरोप कुठंय, फोटो दाखव. उत्तर आलं नाही तर पुढे जा. स्वस्त देतोय म्हणून तर नक्कीच पुढे जा.

आणि काडी मिळालीच, तर कुंडीत एक पट्टी खोचा. आईस्क्रीमची काडी चालते, पण शाई उन्हात उडते, म्हणून पेन्सिलने लिहा. कुणाकडून आली, कधी आली, आणि माहीत असेल तर मूळ झाड कुठल्या गडाचं. माझ्या कुंडीतल्या पट्टीवर मित्राचं नाव आणि महिना आहे, गडाच्या जागी प्रश्नचिन्ह, कारण त्यालाही ते कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडून काडी नेणाऱ्या प्रत्येकाच्या पट्टीवर मी ते प्रश्नचिन्हही तसंच उतरवून देतो.